वेळेआधीची हाक

रिव्हर्स डाइव्ह शिकणारं मूल बोर्डाच्या टोकाशी उभं राहतं तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरत असतात. प्रेक्षकांच्या बाकांवर बसूनही ते दिसतं. तोंड पाण्याकडे, उडीही पाण्याकडेच, पण हवेत गेल्यावर अंग मात्र मागे, ज्या बोर्डावरून उडालो त्याच बोर्डाकडे वळवायचं. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी माझी लेक पहिल्यांदाच रिव्हर्स दीड मारणार होती, म्हणजे असं उलटं फिरत दीड कोलांटी घ्यायची आणि डोक्यावर पाण्यात शिरायचं. तिची कोच बोर्डाच्या बाजूला, जरा मागे, काठावर उभी होती. हाताची घडी घातलेली, नजर लेकीच्या खांद्यांवर. लेक उडाली, गुडघे छातीशी घेऊन गोल झाली आणि तेवढ्यात कोच ओरडली, "हप!" लेकीनं अंग सोडलं, हात डोक्यावर गेले, ती पाण्यात शिरली. पाय थोडे पलीकडे कलंडले, पण डोक्यावर शिरली. बोर्डापासून पाण्यापर्यंतचा सगळा प्रवास दीड सेकंदाच्या आसपास. मला मात्र त्या दीड सेकंदातलं एकच काही डाचत राहिलं. कोच ओरडली त्या क्षणी लेकीचं डोकं भलत्याच दिशेला होतं. वरून पाहताना मला स्पष्ट वाटलं होतं की हाक लवकर आली, आता ही पाठीवर आदळणार.

घरी येताना गाडीत हीटर लावला की तिच्या ओल्या केसांतून क्लोरीनचा वास उठतो. फॉइलमध्ये गुंडाळून आणलेलं थालीपीठ खात ती काचेवर बोटानं रेघा मारत बसली होती. मी विचारलं, "तुला कळतं का गं, कधी उघडायचं ते?" ती म्हणाली, "मला हवेत काहीच कळत नाही, आई. छत दिसतं, पाणी दिसतं, परत छत. तिचा आवाज आला की उघडायचं, एवढंच." इतकं सहज म्हणाली की मी सिग्नलला थांबले असताना तिच्याकडे नुसतं पाहत राहिले. घरात एक साधी गोष्ट सांगितली तरी ही दहा प्रश्न विचारणार. इथे एका आवाजावर तिनं मानेचा कणा सोपवला होता.

पुढच्या वेळी सराव संपल्यावर मी कोचला गाठलं. ती किकबोर्ड, म्हणजे पाय मारायच्या सरावाच्या फळ्या, गोळा करत होती. तिनं फार सोप्या शब्दांत सांगितलं. बरोबर क्षण दिसल्यावर ओरडलं तर उशीर झालेला असतो. आवाज पोचायला, पोरीच्या मेंदूनं तो घ्यायला आणि अंगानं ऐकायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती अर्धी गिरकी पुढे गेलेली असते. म्हणून क्षण दिसण्याआधी ओरडायचं. कधी, ते प्रत्येक मुलाचं वेगळं. हे कुठे शिकलीस असं विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्यासाठी जो ओरडायचा त्याच्याकडून." आणि किकबोर्डांची चळत उचलून आत गेली.

आजोळी आमच्या मळ्यात एक मोठी चौकोनी विहीर होती. आप्पामामा आम्हा भाचरांना तिथे पोहायला शिकवायचे. पाठीला रिकामा डबा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावर उकिडव्या बसलेल्या आप्पामामांच्या मुठीत. शेवाळाचा आणि भिजलेल्या दगडाचा वास, कपारीत फडफडणारी पारव्यांची जोडी. आम्ही हातपाय मारत असताना ते दोर कधी सैल सोडायचे ते कधीच कळलं नाही. काठाला येऊन वर पाहिलं की दोर त्यांच्या मांडीवर वेटोळं करून पडलेला असायचा. लेकीच्या क्लबात ट्रॅम्पोलिनच्या वर छताला कप्प्या आहेत, त्यांतून उतरलेले दोन दोर तिच्या कमरेच्या पट्ट्याला बांधतात आणि दुसरी टोकं कोचच्या हातात असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या घशाशी काहीतरी आलं. कितीतरी वर्षं मला वाटत आलं होतं की आप्पामामांची ती मूठ त्यांच्याबरोबर गेली.

आम्ही ओहायोत राहतो, आणि हे सगळं शोधायला ओहायोहून चांगली जागा नसेल. कोलंबसच्या विद्यापीठातल्या पोहण्याच्या मोठ्या इमारतीत गेलात तर लांब तलावाला माइक पेप यांचं नाव दिसतं आणि डायव्हिंगच्या खोल तलावाला रॉन ओब्रायन यांचं. पेप तिथे १९३१ ते १९६३ प्रशिक्षक होते. पोहणारी मुलंही त्यांचीच, डायव्हिंगचीही त्यांचीच, आणि ११ राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं. मला त्या ११ पेक्षा त्यांच्या तलावातून बाहेर पडलेली माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. जेम्स काउन्सिलमन त्यांच्याकडे ब्रेस्टस्ट्रोक पोहत, होबी बिलिंग्सली त्यांच्याकडे डायव्हिंग करत. दोघेही पुढे शेजारच्या इंडियाना विद्यापीठात गेले, काउन्सिलमन १९५७ मध्ये, बिलिंग्सली १९५९ मध्ये, आणि दोघांनी मिळून तीस वर्षं तो काठ सांभाळला. ओब्रायनही पेप यांचेच डायव्हर. ते १९६३ पासून १९७८ पर्यंत ओहायोतच शिकवत राहिले. एका माणसानं काठावरून काही सांगितलं आणि ते असं तीन वाटांनी पुढे गेलं.

काउन्सिलमन यांच्याबद्दल वाचताना मी कितीतरी रात्री जागले आहे. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक होते. परत आल्यावर त्यांनी पाण्याखाली कॅमेरा नेला आणि उत्तम पोहणाऱ्यांचे हात खरोखर कसे चालतात ते चित्रित केलं. हात सरळ वल्ह्यासारखा मागे ओढायचा असं जे सगळे शिकवत होते, तसं उत्तम पोहणारे करतच नव्हते. त्यांचे तळवे पाण्यात वळणं घेत होते. त्यावरून त्यांनी मांडलेला सिद्धान्त पुढच्या संशोधकांनी बराच बदलला, पण आधी पाहा आणि मग शिकवा, ही शिस्त तिथून आली. १९६८ ते १९७३ अशी सलग सहा वर्षं इंडियाना राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतं होतं. ऑलिंपिक विजेता मार्क स्पिट्झ त्यांच्याचकडचा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक होते आणि त्या संघानं १३ पैकी १२ शर्यती जिंकल्या. यानंतर कोणी काठावर खुर्ची टाकून बसलं असतं. हे गृहस्थ १९७९ मध्ये, ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले, आणि तोवर इतक्या वयाच्या कुणीही ती पार केली नव्हती. पुढे पार्किन्सननं त्यांचं शरीर ताब्यात घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांची वळणं न्याहाळणाऱ्या माणसाचे हात थरथरू लागले, हे वाचून मी संगणक मिटून टाकला होता.

बिलिंग्सली यांची गोष्ट आमच्या घराच्या जास्त जवळची. त्यांच्या तरुणपणी डायव्हिंग शिकवणं म्हणजे बरंचसं अनुकरण होतं. चांगल्याचं पाहा, तसं करा, पडलात तर पुन्हा करा. बिलिंग्सली न्यूटनचे नियम घेऊन बसले. पाय बोर्डावरून सुटताना शरीर ज्या वाटेनं निघतं ती वाट हवेत बदलता येत नाही. फिरण्याचा जोरही तेव्हाच ठरून जातो. हवेत हातात उरतं ते एवढंच, की अंग गोळा करून वेगानं फिरायचं किंवा लांब करून फिरणं संथ करायचं. म्हणजे "हप" ही हाक ज्यासाठी असते, ती अंग उघडण्याची कृती, हवेतल्या मुलीच्या हातात उरलेली जवळजवळ शेवटची गोष्ट. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांची १७ वर्षांची शिष्या लेस्ली बुश उंच प्लॅटफॉर्मवरून सुवर्णपदक घेऊन गेली, केन सिट्झबर्गर स्प्रिंगबोर्डवरून. १९९६ ला अटलांटात सगळ्या पंचांच्या वतीनं ऑलिंपिकची शपथ घ्यायला बिलिंग्सलीच उभे होते.

आणि ओब्रायन. १९८८, सेऊल. अमेरिकेचा डायव्हर ग्रेग लुगानिस, त्याचं डोकं बोर्डाला आपटलं तो क्षण आमच्या पिढीनं दूरदर्शनवर पाहिला आहे. ती रिव्हर्सच होती, अडीच कोलांट्यांची. तोवर ओब्रायन विद्यापीठ सोडून क्लबात शिकवत होते आणि लुगानिस बरीच वर्षं त्यांच्याकडे होता. त्या दिवशी टाके घालून लुगानिस अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा बोर्डावर चढला, दुसऱ्या दिवशी सुवर्णपदक जिंकला. जगाला दिसलं ते हेच. लुगानिसला एचआयव्ही आहे, हे तेव्हा अगदी मोजक्या लोकांना ठाऊक होतं आणि ओब्रायन त्यांतले एक होते. जगाला ते कळलं १९९५ मध्ये. १९८८ चं वातावरण ज्यांना आठवतं त्यांना वेगळं सांगायला नको. कॅमेरे, पंच, डॉक्टर, रक्त, आणि काठावरच्या त्या माणसाच्या पोटात दडलेली ती गोष्ट. पुढची उडी मारायची की नाही हे मुलाबरोबर बसून ठरवायचं, चेहरा स्थिर ठेवायचा, आणि मग कडेला जाऊन उभं राहायचं. मी तो तुकडा पुन्हा पाहते तेव्हा आता लुगानिसकडे पाहत नाही.

हे सगळे मोठे लोक. रोजचं आयुष्य कसं असतं ते मला आमच्या कोचमुळे कळलं. ती स्वतः एका लहान कॉलेजातून डायव्हिंग करून बाहेर पडली आणि दुसऱ्या एका कॉलेजच्या संघाबरोबर 'व्हॉलंटिअर असिस्टंट' म्हणून उभी राहू लागली. हे पद म्हणजे सगळं काम करायचं आणि कॉलेजनं पगार द्यायचा नाही, नियमानंच देता यायचा नाही. पोट भरायचं ते उन्हाळी शिबिरांवर, आमच्यासारख्यांच्या पोरांच्या शिकवण्यांवर, आणि सकाळी कॉफीच्या दुकानात. खेळासाठी कॉलेजांचे तीन गट असतात. त्यांतल्या अव्वल गटाच्या कॉलेजांमधली ही तरतूद १ जुलै २०२३ पासून गेली, आता अशा साहाय्यकाला पगार देता येतो. देता येतो, म्हणजे दिला जातोच असं नाही. पहाटे साडेपाचला तलावाच्या आवारातला तो दमट, डोळे चुरचुरणारा वास, पोहण्याची वेळ मोजणाऱ्या मोठ्या घड्याळाचा लाल काटा, झोपेतून नुकती उठलेली मुलं काहीही न बोलता पाण्यात उतरताना. मुलांच्या सरावाला हंगामात आठवड्याचे २० तास ही मर्यादा आहे, कोचच्या दिवसाला कसलीच नाही. सराव संपला की चित्रफिती पाहायच्या, मुलांचे अभ्यासाचे अहवाल पाहायचे, दूरच्या सामन्याला जायची गाडी चालवायची, आणि नवी मुलं शोधायची. दहावी संपली की १५ जूनपासून पोरांना फोन करायला मोकळीक असते. त्या मध्यरात्री देशभरातले कोच हातात फोन घेऊन जागे असतात. सोळा वर्षांच्या मुलाला पटवायचं की तुझी पुढची चार वर्षं माझ्या काठावर घालव.

चार वर्षं. मग ती मुलं जातात.

डायव्हिंगच्या कोचचं एकटेपण आणखी वेगळं. संघात पोहणारे पंचवीस-तीस असतात, डायव्हर चार-सहा. बहुतेक ठिकाणी मुलांचा आणि मुलींचा मिळून एकच डायव्हिंग कोच. सामन्यात डायव्हिंगची वेळ येते तेव्हा पोहणारे शेजारच्या तलावात अंग मोकळं करायला जातात, पालक पाय मोकळे करायला उठतात, कुणी कॉफी आणायला जातं. गुण मात्र संघाच्या बेरजेत पडतात आणि कितीदा तरी सामना त्यावरच फिरतो. अव्वल गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघाला १८ जण नेता येतात आणि त्या मोजणीत एक डायव्हर अर्धा धरतात. यामागे हिशेब आहे, डायव्हरच्या स्पर्धा कमी असतात, हे मला समजतं. तरीही 'अर्धा' हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा बोर्डाच्या टोकावर थरथरणाऱ्या पोटऱ्या आठवल्या आणि राग आला. तो अजून गेलेला नाही.

आमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरात दोन छोटी कॉलेजं आहेत, गॅम्बियरमधलं केन्यन आणि ग्रॅनव्हिलमधलं डेनिसन. मक्याची शेतं, पांढरी लाकडी चर्च, मधूनच टेकडीवर दगडी इमारती. तिसऱ्या गटातली कॉलेजं ही, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. मुलं इंग्रजी, रसायन, तत्त्वज्ञान शिकायला येतात आणि त्याच्या आधी पहाटे पोहतात. केन्यनच्या मुलांनी १९८० ते २०१० अशी सलग ३१ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कोच जिम स्टीन. मुलं-मुली मिळून त्यांच्या नावावर ५० विजेतेपदं आहेत. मग आलं २०११. डेनिसन ५००.५, केन्यन ४९९.५. एका गुणानं ती साखळी तुटली. आणि डेनिसनचे कोच ग्रेग परीनी हे केन्यनचेच विद्यार्थी, स्टीन यांच्याच हाताखाली पोहलेले. मी त्या संध्याकाळचा विचार पुष्कळदा करते. हरणाऱ्याच्या मनात काय असेल याचा नाही, तो अंदाज कुणीही करील. मला परीनींचं कुतूहल वाटतं. पोहणं कसं शिकवायचं, पोराला शर्यतीआधी काय सांगायचं, काय सांगायचं नाही, हे ज्या माणसाकडे पाहून शिकलो, त्याच माणसापेक्षा एक गुण जास्त. सगळी रीत त्याच्याचकडची, ती त्याच्याच विरुद्ध वापरून जिंकायचं, आणि मग त्याच काठावर जाऊन त्याच्याशी हात मिळवायचा. मला वाटतं शिकवणाऱ्याचं शिकवणं किती खोल गेलं होतं, ते त्या दिवशी गुणफलकावर दिसलं. पण हे मी लांबून म्हणते आहे. त्या दोघांच्या मनात त्या रात्री काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

ज्या आवाजावर मुलं मान सोपवतात, त्या आवाजाचं दुसरं टोकही मला आई म्हणून विसरता येत नाही. हवेत असताना प्रश्न न विचारता ऐकायची सवय लागलेलं मूल जमिनीवरही प्रश्न विचारेनासं होतं. टेरी मॅकीव्हर २०१२ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक जलतरण संघाच्या पहिल्या स्त्री मुख्य प्रशिक्षक झाल्या. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या मुलींना त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. खेळाडूंनी अपमानास्पद वागणुकीच्या तक्रारी केल्या, चौकशी झाली, आणि २०२३ च्या जानेवारीत विद्यापीठानं त्यांना कामावरून काढलं. ही बातमी वाचली तेव्हा माझ्यात दोन बायका भांडत होत्या. एक त्या मुलींची आई होती. दुसरी मनाशी म्हणत होती, पुरुषांनी भरलेल्या त्या काठावर किती वाट पाहून एक बाई उभी राहिली होती. १९७२ मध्ये स्त्रियांना शिक्षणात आणि खेळात समान संधी देणारा कायदा अमेरिकेत झाला, तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांच्या प्रशिक्षकांत नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. कायद्यानंतर पैसा आला, पगार वाढले, आणि त्या जागांवर पुरुष आले. आता स्त्रिया निम्म्याहूनही कमी. म्हणून मला डायव्हर मिकी किंगचा फोटो आवडतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये तिचा हात बोर्डावर आपटून मोडला आणि तरी तिनं शेवटची उडी मारली. १९७२ मध्ये सुवर्णपदक घेतलं, आणि मग हवाई दलाच्या अकादमीत डायव्हिंग शिकवायला उभी राहिली. तिच्या हाताखालचा मुलगा राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेता झाला. स्त्रीनं शिकवलेल्या पुरुषानं हे करण्याची ती पहिलीच वेळ. आमची कोच तिचं नाव फार जपून घेते.

आता काठच हलतो आहे. येल विद्यापीठाचे पोहण्याचे कोच रॉबर्ट किपुथ, जे स्वतः कधी स्पर्धेत पोहले नव्हते, ४२ वर्षं एका जागी राहिले, ५२८ सामने जिंकले आणि १२ हरले. टेक्सस विद्यापीठाचे एडी रीस १९७८ ते २०२४ तिथेच होते, १५ विजेतेपदं घेऊन निवृत्त झाले. त्यांची जागा घ्यायला बॉब बोमन आले, ते अॅरिझोना स्टेट विद्यापीठाला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिल्यानंतर अवघ्या काही दिवसांत. मी त्यांना दोष देत नाही. हा व्यवहार आता असाच चालतो, आणि मुलंही कोचच्या मागे विद्यापीठ बदलतात. मला काळजी वाटते ती जिथे कोणी येणारच नाही त्या जागांची. आयोवा विद्यापीठात डेव्हिड आर्मब्रस्टर चाळीस वर्षं कोच होते. १९३० च्या दशकात त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी जॅक सीग यानं मिळून बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकाराची हात-पायांची ती जोडी जमवली, जी आज जगातलं प्रत्येक मूल शिकतं. मुंबईच्या, पुण्याच्या तलावांतली मुलंसुद्धा. त्याच आयोवानं ऑगस्ट २०२० मध्ये कोविडच्या तोट्याचं कारण देऊन पोहण्याचे दोन्ही संघ बंद केले. मुली कोर्टात गेल्या आणि त्यांचा संघ परत मिळाला. मुलांचा नाही मिळाला. खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात जून २०२५ मध्ये कोर्टानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. ते न्याय्यच आहे, फुटबॉलच्या पोरांनी इतकी वर्षं फुकट कमावून दिलं. पण पैसा ठरावीक आहे. ज्या विद्यापीठांनी ही तडजोड स्वीकारली त्यांच्या पोहण्याच्या संघावर ३० जणांची मर्यादा आली, काही ठिकाणी पुरुषांना त्याहून कमी, आणि मग प्रत्येक जागेवर कोण याचा हिशेब सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीनं त्याआधीच मार्चमध्ये पोहण्या-डायव्हिंगचे संघ बंद केले. अशा हिशेबात डायव्हरची जागा, आणि तिच्यामागे उभ्या असलेल्या एकुलत्या एक कोचची जागा, किती भक्कम असेल?

माझं म्हणणं सरळ आहे. कधी ओरडायचं, किती आधी ओरडायचं, कोणत्या मुलासाठी किती, हे ज्ञान पुस्तकात उतरत नाही. ते एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातं, त्यासाठी कित्येक वर्षं रोज एकाच काठावर उभं राहावं लागतं, आणि उभं राहणाऱ्याला घरभाडं भरता आलं पाहिजे. एक संघ बंद होतो तेव्हा बातमीत खेळाडूंचे आकडे येतात. पेपपासून, बिलिंग्सलींपासून, मिशिगनच्या, इंडियानाच्या, ओहायोच्या काठांवरून चालत आलेली एक नजर तिथे थांबली, हे कुणी लिहीत नाही. तलाव पुन्हा बांधता येतो. ती नजर दहा वर्षांनी जाहिरात देऊन मिळत नाही.

मे महिन्यात आमची कोच गेली. दुसऱ्या राज्यात एका कॉलेजात तिला डायव्हिंग कोचची पूर्ण वेळ नोकरी मिळाली. निरोपाच्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या होत्या, तिनं उभ्याउभ्याच दोन खाल्ल्या. पगार सांगताना ती थोडी लाजली, पण आरोग्य विमा आहे हे मात्र तिनं दोनदा सांगितलं. आता लेकीला दुसरे एक गृहस्थ शिकवतात. चांगले आहेत. पहिल्याच आठवड्यात लेक दोनदा पाठीवर आदळली, अंगावर तळव्याएवढे लाल चट्टे घेऊन घरी आली आणि म्हणाली, अजून त्यांना माझं माहीत नाही, होईल. तक्रारीचा सूर नव्हता. मी पाठीला खोबरेल लावून दिलं.

त्याच आठवड्यात क्लबनं तिला विचारलं, उन्हाळ्यात सात-आठ वर्षांच्या मुलांना शिकवशील का. जेवताना तिनं हे सांगितलं आणि वर हेही, की कॉलेजनंतर हेच करावं असं तिच्या मनात येतं. नवऱ्यानं भाताचा घास हातात ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याचा प्रश्न मला ऐकू आला, आणि तो चुकीचा नव्हता. आम्ही दोघंही अशा घरांतून आलो जिथे पहिल्या तारखेला किती येतात याला अर्थ होता. मी लेकीला म्हटलं, तासाचे किती देणार ते आधी विचार. लिहून घे. पावसा-विजांमुळे तलाव बंद ठेवला तर पैसे मिळणार का, तेही विचार. कॉलेजचं म्हणत असशील तर विमा, सुट्ट्या, निवृत्तीचे पैसे, सगळं विचारायला शीक, कारण हे काम मोलाचं आहे आणि तू ते फुकट करायचं नाहीस. एवढं सगळं विचारून झालं की त्यांना हो म्हण.

"बाबा?" तिनं विचारलं.

"सोमवारी किती वाजता सोडायचं?" नवरा म्हणाला.